धावणं तेवढं सोडा

कासू, गडब, नागोठणे, इकडे वडखळ-पेण आणि तिकडे रोहा. या पट्ट्यात पहाटे पाचला रस्त्यावर निघालात तर धावणारी माणसं भेटतात. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी असतात. कंपनीत पहिली पाळी सुरू होण्याआधी घाम गाळून घेणारे असतात. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलेले आणि चालता चालता धावायला लागलेले असतात. काहींनी आता चांगल्यापैकी सायकलीही घेतल्या आहेत. खाडीकाठी वाढल्यामुळे पोहणं बऱ्याच जणांना लहानपणापासून येतंच. पोहणं, सायकल आणि धावणं तिन्ही जमतंय म्हटल्यावर ट्रायथलॉनचं नाव निघतं, गोव्याच्या आयर्नमॅन शर्यतीच्या गोष्टी होतात, कोणीतरी पैसे भरून मोकळाही होतो.

हे लिहितोय ते विशेषतः अशांसाठी, ज्यांनी नाव घातलं, पैसे भरले, रजा टाकली आणि मग ज्यांचा पाय दुखायला लागला.

माझं म्हणणं सरळ आहे. पाय धावून दुखावला असेल तर धावणं तेवढं सोडा. डॉक्टरांची हरकत नसेल तर पोहणं सोडू नका, सायकल सोडू नका, शर्यतीला जाणंही सोडू नका. जा, पोहा, सायकल चालवा, सायकल जागेवर लावा आणि तिथेच थांबा. मात्र हे थांबणं घरून निघण्याआधी ठरलेलं असू द्या.

आपल्याकडे दुखऱ्या पायाचे दोनच शेवट दिसतात. एक तर माणूस दात-ओठ खात, गोळी घेऊन, पट्टी बांधून धावतो आणि पुढचे सहा महिने घरी बसतो. नाहीतर पाय दुखतोय म्हटल्यावर सगळंच सोडतो. सायकल पडवीत धूळ खात राहते, पोहणं बंद होतं, वजन परत चढतं, आणि पुढच्या वर्षी "आपल्याच्यानं नाही होणार" असं म्हणून विषय संपतो. या दोन्हींच्या मधे एक चांगला, शहाणा रस्ता आहे. त्या रस्त्यानं जाणाऱ्याला आपण अर्धवट म्हणतो, हे मला पटत नाही.

पुरी केली नाही म्हणजे शर्यत वाया गेली, असं मानणाऱ्यांनी ही शर्यत जन्माला कशी आली ते एकदा पाहावं. आयर्नमॅन पहिल्यांदा झाली ती १८ फेब्रुवारी १९७८ रोजी, हवाईच्या ओआहू बेटावर. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोनं ती घडवून आणली. त्या बेटावर तीन वेगवेगळ्या गोष्टी आधीपासून चालू होत्या: वाइकिकीच्या समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला सायकलनं घालायचा वेढा आणि होनोलुलूची मॅरेथॉन. कॉलिन्स दाम्पत्यानं त्या तिन्ही एकामागे एक जोडल्या. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. म्हणजे पहिल्याच वर्षी पाचातला एक जण वाटेत थांबला होता, आणि त्यामुळे शर्यतीला काही कमीपणा आला नाही. तीन शर्यती जोडून जी एक झाली, तिच्यातल्या दोनच करणं यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

त्यात पोहणं आणि सायकल एवढ्याच दोन भागांची शर्यत जगात रीतसर भरते. तिला अॅक्वाबाइक म्हणतात. ट्रायथलॉनची जी जागतिक संघटना आहे, तीच अॅक्वाबाइकचं जागतिक अजिंक्यपदही भरवते. तिथे भाग घेणाऱ्यांत गुडघे आणि घोटे कुरकुरायला लागल्यावर धावणं सोडलेले चाळिशी-पन्नाशीचे लोक पुष्कळ असतात. त्यांना वेगळा क्रमांक मिळतो, वेगळं पदक मिळतं. आपल्याकडे हा प्रकार अजून फारसा पोचलेला नाही, म्हणून सायकलवरून उतरून थांबणारा माणूस निकालपत्रात नुसता "अपूर्ण" दिसतो. कागदावर तो शब्द आला म्हणून तुम्ही पोहलेलं पाणी आणि तुडवलेला रस्ता कुठे जात नाही.

आता पायाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

गोव्याची शर्यत २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झाली. ती मूळ आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची आहे: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. ती भरते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला. म्हणजे तिची तयारी येते नेमकी आपल्या पावसाळ्यात. खारेपाटातली परिस्थिती तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर बांध चिखलानं भरलेले, शेतात लावणी, मातीची एकही वाट धावण्यालायक उरत नाही. मग पोरं महामार्गावर येतात. सिमेंटचा कठीण रस्ता, तोही पाणी जावं म्हणून कडेला उतरता. रोज एकाच कडेनं धावलं तर एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. जोराच्या पावसात आठ-आठ दिवस धावणं होतच नाही. मग पाऊस ओसरला की शर्यत दीड महिन्यावर आलेली दिसते, आणि मागं पडलेलं सगळं अंतर एकदम भरून काढायची घाई होते. आठवड्याला पंधरा किलोमीटर धावणारा माणूस एकदम पस्तीसवर जातो. दुखणं इथे सुरू होतं. सिमेंटच्या रस्त्याला सगळे शिव्या देतात, पण माझ्या मते त्याच्यापेक्षा मोठा दोष या अचानक वाढवलेल्या अंतराचा आहे.

धावताना एक पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार त्या एका पायावर येतो. सत्तर किलोच्या माणसाला हा भार दीडशे ते दोनशे किलोंपर्यंत जातो. सर्वसाधारण माणूस मिनिटाला १६० ते १७० पावलं टाकतो. २१ किलोमीटरला अडीच तास धरले तर चोवीस-पंचवीस हजार पावलं होतात, एकेका पायाच्या वाट्याला बारा हजारांवर. निरोगी हाड हे सहज सोसतं. भार पडला की हाडाचा झिजलेला भाग आधी खरवडला जातो आणि मग तिथे नवं हाड भरतं. खरवडण्याचं काम लवकर होतं, भरण्याला आठवडेच्या आठवडे लागतात. मधल्या काळात ती जागा कच्ची असते. घाईनं अंतर वाढवणारा माणूस या कच्च्या जागेवर रोज नवा भार टाकत राहतो, आणि शेवटी तिथे बारीक चीर पडते. तिलाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. यात पडणं नाही, आपटणं नाही, "कट्" असा आवाज नाही. म्हणून घरच्यांना आणि कधी कधी स्वतःलाही वाटतं, काही झालेलं नाही, उगाच बाऊ करतोय.

नडगीचं दुखणं कोणत्या जातीचं आहे याचा साधारण अंदाज घरी घेता येतो. पाटावर बसा, पाय मोकळा सोडा आणि घोट्यापासून गुडघ्याकडे नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हलक्या हातानं दाबत न्या. दुखणं वीतभर लांबीवर पसरलेलं असेल, धावायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा नडगीच्या हाडावरच्या आवरणाचं दुखणं असतं, ज्याला धावणारे शिन स्प्लिंट्स म्हणतात. पण अंगठा एका जागेवर आला आणि बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी जीव कळवळला, धावताना दुखणं वाढतच गेलं, साधं चालतानाही जाणवायला लागलं, रात्री पडल्या पडल्या ठणकलं, तर एक पाऊलही धावू नका. डॉक्टर गाठा. एक्स-रे साफ आला म्हणून खूश होऊ नका. ही चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. आणि एका पायावर उड्या मारून बघ, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बारीक चीर असेल तर त्या उडीनं ती मोठी होऊ शकते.

आणखी एक जागा नीट लक्षात ठेवा. जांघेत खोलवर दुखत असेल, पायावर भार टाकला की कळ येत असेल, तर ते खुब्याच्या हाडाचं असू शकतं. तिथली चीर सरकली तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी सायकलही नाही, पोहणंही नाही, डॉक्टर सांगेपर्यंत काहीच नाही. माझं हे सगळं आवाहन ज्यांना डॉक्टरांनी "धावू नको, बाकी चालेल" असं सांगितलं आहे त्यांच्यासाठी आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरायचं नाही.

आपल्याकडे पाय दुखला की आधी चोळून घ्यायची सवय आहे. गावात कोणी ना कोणी चोळणारं असतंच, आणि स्नायूचं दुखणं त्यानं हलकंही होतं. पण हाडाला चीर असताना ती जागा दाबून चोळणं म्हणजे जखमेवर बोट फिरवणं. आधी निदान करून घ्या, मग चोळायचं का ते ठरवा.

गोळीचंही तसंच. शर्यतीच्या सकाळी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन धावणारे मी पाहिले आहेत, आणि हे सर्रास चालतं म्हणून ते बरोबर होत नाही. गोळीनं दुखणं कळेनासं होतं, चीर भरत नाही. त्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, आणि या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. पाच-सहा तास उन्हात राबणाऱ्या शरीराला त्या द्यायच्याच नाहीत. इंजेक्शन घेऊन धावण्याचा विचार तर मनातसुद्धा आणू नका.

थांबणं म्हणजे कच खाणं, असं ज्यांना वाटतं त्यांना यान फ्रोडेनोची गोष्ट सांगतो. हा जर्मन खेळाडू. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्णपदक, २०१५ आणि २०१६ मध्ये हवाईतल्या कोना इथे आयर्नमॅनचं जगज्जेतेपद. २०१७ मध्ये कोनालाच धावताना त्याची पाठ धरली. तो बराचसा भाग चालला, आणि जिंकायची आशा संपल्यावरही त्यानं शर्यत पुरी केली. पाठीचं दुखणं होतं, चालून निभावलं. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, तो ऐन भरात होता. सप्टेंबरमध्ये निम्म्या अंतराचं जगज्जेतेपद त्यानं जिंकलं होतं. पण कमरेखालच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, आणि कोनाच्या शर्यतीतून त्यानं माघार घेतली. २०१९ मध्ये तो परत आला आणि ७ तास ५१ मिनिटं १३ सेकंदांत तिथला विक्रम मोडून जिंकला. एकाच माणसानं एका वर्षी चालत शर्यत संपवली आणि दुसऱ्या वर्षी सुरुवातच केली नाही. दोन्ही निर्णय बरोबर होते, कारण दोन दुखणी वेगळी होती. ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच हा आहे, त्याला जर माघार घेता येते, तर सोमवारी पुन्हा कामावर जायचं असणाऱ्या आपल्याला का येऊ नये?

लोकांच्या मनात दुसरंच चित्र बसलेलं आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही तरुणी हवाईत शेवटच्या टप्प्यावर कोसळली आणि रांगत रांगत शेवटच्या रेषेपर्यंत गेली. टीव्हीवर ते जगभर दिसलं आणि आयर्नमॅनचं नाव घरोघरी झालं. तिची जिद्द खरी आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ती थकून कोसळली होती. थकवा दोन दिवसांत जातो. तडकलेलं हाड दोन दिवसांत भरत नाही. तिचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून दुखऱ्या हाडावर धावू नका.

मग पाय बरा होईपर्यंत करायचं काय? इथे आपल्या भागातल्या माणसाचं पारडं शहरातल्या माणसापेक्षा जड आहे, असं मला वाटतं.

पाण्यात शरीराचा भार उतरतो. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं तरी पायांवर वजनाचा तिसरा हिस्सा जेमतेम येतो. पोहताना तर पायांवर उभं राहायचंच नसतं. दुखऱ्या पायाला विश्रांती आणि छाती-फुप्फुसांना काम, असं दुसरं कोणतंच साधन नाही. कासूहून जवळच धरमतर. आंबा नदी ज्या खाडीला मिळते, त्याच धरमतरहून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंतचं सुमारे ३६ किलोमीटरचं अंतर पोहून जाणं ही महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या जलतरणपटूंची जुनी कसोटी आहे. इंग्लिश खाडीसारखे मोठे पल्ले डोळ्यांपुढे असलेली मुलं आधी इथे येऊन पोहतात. आपल्या दारातल्या पाण्याला एवढा मान आहे आणि आपण मात्र पाय दुखला की खाटेवर पडतो.

पण खाडी ओळखीची आहे म्हणून तिला गृहीत धरू नका. एकट्यानं कधीच उतरू नका. उधाणाच्या दिवसांत, पुनव-अवसेच्या आसपास, ओहोटीची ओढ भल्याभल्यांना आत नेते. काठाचा चिखल पाय धरून ठेवतो. धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जेसची ये-जा असते आणि बार्जवरच्या माणसाला पाण्यातलं डोकं दिसत नाही. सोबत होडी, होडीत पाणी जाणणारा माणूस, डोक्यावर भडक रंगाची टोपी, कमरेला तरंगता फुगा, आणि भरतीचं वेळापत्रक पाहून ठरवलेली वेळ. एवढं असेल तरच. नाहीतर गाडी धरून पनवेलकडे जा आणि जलतरण तलावात पोहा. धरणात पोहू नका, शेततळ्यात तर नकोच. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या निसरड्या काठावरून चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

दुखणं पाहून पोहण्यातही फरक करायचा असतो. गुडघा दुखत असेल तर बेडकासारखे पाय झाडायचा प्रकार टाळा, त्यानं गुडघ्याला पीळ बसतो. पोटरी किंवा टाचेची शीर दुखत असेल तर तलावाच्या भिंतीला जोरात पाय मारून वळू नका. दोन पायांत तरंगतं पॅड धरून नुसत्या हातांनी पोहलात तरी चालेल. खोल पाण्यात कमरेला पट्टा बांधून, तळाला पाय न लावता, जागच्या जागी धावल्यासारखे पाय हलवता येतात. कंटाळवाणं आहे हे खरं, पण धावण्याची सवय टिकवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं नाही.

पाय साथ देईनासे झाल्यावर पाण्यात काय करता येतं याचं आपल्या घरातलं उदाहरण मुरलीकांत पेटकर आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखाली पांगळेपण आलं. पुढे ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्या दुखापतीची आणि आपल्या नडगीची तुलना होऊ शकत नाही. मी एवढंच म्हणतो की एक खेळ शरीरानं बंद केला म्हणून त्यांनी खेळणं बंद केलं नाही.

सायकलीचं मात्र इथे सांभाळून. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे. कुठे गुळगुळीत सिमेंट, कुठे अचानक वळवलेला रस्ता, कुठे खडी. वडखळ-डोलवीकडे जाणारे अवजड ट्रेलर दिवसभर वाहत असतात. सराव रविवारी उजाडता उजाडता करा, पुढे-मागे दिवा लावा, दोघं-तिघं मिळून जा. पावसाळ्यात घरीच स्टँडवर सायकल लावून तास-दीड तास मारलात तर अधिक शहाणपणाचं. दुखणाऱ्या पायानं उभं राहून पेडल मारू नका, गिअर हलका ठेवा, सीटची उंची कोणा जाणकाराकडून तपासून घ्या. सीट खाली असेल तर गुडघा दुखतो, फार वर असेल तर पोटरी आणि टाच ओढली जाते.

खाण्यातही लक्ष घाला. सरावाच्या नादात जेवण कमी करणाऱ्यांची हाडं आधी कुरकुरतात. वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडून पहाटे धावणाऱ्या मुली मला माहीत आहेत. पाळी लांबायला लागली, चुकायला लागली, तर ती हाडांची पहिली तक्रार समजा आणि संकोच न करता डॉक्टर मावशींना सांगा. घरच्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सुकट, जवळा कवचासकट खाल्ला जातो, त्यातून हाडांना हवं ते मिळतं. बाजारातले महागडे डबे घेण्याआधी हे ताटात येऊ द्या.

आता शर्यतीच्या दिवसाबद्दल, कारण निश्चय तिथे डगमगतो. पोहून झालं, नव्वद किलोमीटर सायकल झाली. तुम्ही सायकल स्टँडला अडकवता, हेल्मेट काढता. बाजूला इतर जण धावायचे बूट चढवून निघालेले असतात. लाउडस्पीकरवर नावं पुकारली जातात. अंग तापलेलं, पाय त्या क्षणी अजिबात दुखत नाही. मन म्हणतं, दोन किलोमीटर तर बघू. नेमका हाच क्षण धोक्याचा. तापलेल्या अंगात दुखणं लपतं. म्हणून सांगतो, धावायचे बूट घरून नेऊच नका. चपला न्या. कोणी सोबत आलं असेल तर त्याला आदल्या रात्री सांगून ठेवा की सायकलनंतर मी थांबणार आहे, मला ढकलू नको. थांबलात की तिथल्या पंचांना किंवा स्वयंसेवकांना सांगा, पायाची टायमिंग चिप काढून द्या. न सांगता निघून गेलात तर ते तुम्हाला शोधत बसतात, आणि एखाद्या खरंच अडचणीत असलेल्या माणसाकडे जाणारी मदत तुमच्यामागे फिरते.

शर्यतीला अजून वेळ असेल तर आयोजकांना लिहा. गोव्यात रिलेचा गट असतो, त्यात एक जण पोहतो, दुसरा सायकल मारतो, तिसरा धावतो. गट बदलून मिळत असेल तर पोहणं किंवा सायकल तुम्ही घ्या, धावायला गावातलं भरतीवालं पोरगं घ्या. वाटून केलं म्हणून कमी झालं, असं कोणी म्हणालं तर त्याला नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं नाव सांगा. २०१५ मध्ये त्यांनी दोघांत मिळून अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत, रेस अॅक्रॉस अमेरिका, पूर्ण केली. त्यांना कोणी अर्धं म्हटलेलं नाही.

भरतीच्या पोरा-पोरींशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमचं धावणं हौसेचं नाही, ते नोकरीसाठी आहे, हे मला कळतं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, आणि एकेक गुण यादीत वर-खाली करतो. पण म्हणूनच जास्त सांभाळा. हे धावणं फार तर पाच-सहा मिनिटांचं असतं. त्याच्यासाठी रोज महामार्गावर दहा-दहा किलोमीटर दामटण्याची गरज नाही. नडगी दुखायला लागल्यावर चार आठवडे धावणं थांबवून पोहलात आणि सायकल मारलीत तर दम फारसा जात नाही. दुखण्यावर धावत राहिलात तर पूर्ण भरतीच जाते, आणि काहींची वयाची अटही निघून जाते. अकादमीतल्या सरांना दुखणं सांगायला घाबरू नका. सरांनाही विनंती आहे, की दुखतंय म्हणणाऱ्या पोराला चार फेऱ्या जास्त मारायला लावू नका.

परत धावायला लागाल तेव्हा आधी अर्धा तास भराभर चालून पाहा. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी काही दुखलं नाही तर एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. एक दिवस आड. हळूहळू धावण्याची मिनिटं वाढवा. एकाच आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवू नका. जुनी जागा परत दुखली तर एक पायरी मागं या. भात कापणी झाली की बांध आणि शेतं मोकळी होतात, तेव्हा मातीवर धावा.

शेवटची विनंती पेण-रोह्याच्या मंडळांना, शाळांना आणि सायकल गटांना. तुम्ही दरवर्षी मॅरेथॉन भरवता, कोणी आता ट्रायथलॉनचाही विचार करतं. त्या ट्रायथलॉनमध्ये पोहणं आणि सायकल एवढ्याच दोन भागांचा एक गट ठेवा. त्याला वेगळं बक्षीस ठेवा, नावं माइकवर तशीच मोठ्यानं पुकारा. त्याला खर्च फार नाही. आणि ज्यांची नडगी, टाच किंवा जांघ आत्ता दुखते आहे त्यांनी उद्याचं धावणं रद्द करावं आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवून यावा.